गोळी बंद केली तर चालेल ना?

"मॅडम, अमेरिकेतले मेंदूचे डॉक्टरच सांगतायत, हा आजार म्हणजे थोतांड आहे. मग पोराला गोळ्या कशाला?" एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, असं निदान झालेल्या दुसरीतल्या मुलाच्या वडिलांनी हे विचारलं, तेव्हा गोळी परस्पर बंद करूनही झाली होती. आईला ते मुळीच पटलेलं नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडील दाखला देत होते तो फ्रेड बॉमन यांचा. कॅलिफोर्नियातले लहान मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट. एडीएचडी ही मानसोपचारशास्त्राने केलेली फसवणूक आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. २००६ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांचा मुद्दा सरळ आहे: शरीरात बिघाड दाखवता आला तरच त्याला आजार म्हणा. तो दाखवता येत नसेल, तर तुम्ही धडधाकट मुलांना पेशंट बनवताय.

यातलं निम्मं खरं आहे, आणि तसं मी वडिलांना आधीच सांगून टाकलं. एडीएचडी ठरवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आजही नाही. गरजेपेक्षा जास्त मुलांवर हा शिक्का बसतो, असं डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीची चौथी आवृत्ती करणाऱ्या समितीचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस हेही जाहीरपणे म्हणत आलेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१२ साली तो अभ्यास आला. तिथे शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये हे निदान ३० टक्क्यांनी जास्त निघालं, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. म्हणजे वर्गातलं सगळ्यात लहान पोर चुळबुळ करतं आणि आपण त्याला आजाराचं नाव देतो. आपल्या महाराष्ट्रातही पहिलीसाठी वय ३१ डिसेंबरलाच मोजतात. फाइलमध्ये पाहिलं तर मुलाचा जन्म डिसेंबरचाच. वडिलांच्या चेहऱ्यावर 'बघा, मी सांगत होतो ना' स्पष्ट दिसलं.

पण तपासणी नाही म्हणजे त्रासच नाही, हे मला पटत नाही. मायग्रेनलाही रक्ताची चाचणी नाही. बॉमन ज्या शाखेचे, त्याच शाखेचे डॉक्टर दुखण्याची हकीकत विचारून त्याचं निदान करतात, आणि अर्धशिशी खोटी असं कुणी म्हणत नाही.

माझी तक्रार वेगळी होती. फाइलमध्ये एकच प्रश्नावली होती, शाळेने भरलेली. 'नेहमी'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एका दमात केलेल्या बरोबरच्या खुणा. घरच्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. वास्तविक, लक्षणं किमान सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर-शाळा अशा कमीत कमी दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. हे एका कागदावरून कसं ठरणार?

गोळी द्यायची की नाही, हे मी ठरवत नाही. वडिलांना तेवढंच म्हटलं की बंद केल्याचं डॉक्टरांना आजच कळवा आणि नव्याने तपासून द्या म्हणा. ऐकणं, नजर, झोप, सगळं बघून झालं. बाईंना सांगितलं, त्याला वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलांशी ताडून पाहा. आजीलाही बोलावलं. आजी म्हणाल्या, "जेवताना चारदा उठतो हो. अर्धी पोळी ताटात, अर्धी खिडकीत." शुद्धलेखनाच्या वहीत पहिल्या दोन ओळी मोत्यासारख्या, तिसरी अर्ध्यावर सोडलेली, पानामागून पान तसंच.

निदान कायम राहिलं.

वडिलांना आणखी एक धास्ती होती. औषधवाला चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो, म्हणजे हे 'ड्रग्ज'च! या गोळीतलं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत मोडतं, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते, नोंद ठेवावी लागते. पोरांच्या औषधावर इतका पहारा असणं मला तरी बरंच वाटतं. गोळीची बाजूही मी फुगवून सांगितली नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात १४ महिन्यांनी औषधाचा फायदा ठळक दिसला, तीन वर्षांनी वेगवेगळे उपचार दिलेल्या गटांतला फरक मावळला होता. म्हणून आई-वडिलांनी सूचना कशा द्यायच्या, अभ्यासाचे तुकडे कसे पाडायचे, हे सोबत शिकावंच लागतं. ते दोघंही शिकतायत, वडील जरा कुरकुरत.

वडील अजूनही याला आजार म्हणत नाहीत. मीही आग्रह धरत नाही. रविवारी गोळीला सुट्टी हवी, ही त्यांची अट डॉक्टरांनी मान्य केली. परीक्षेच्या आठवड्यात मात्र नाही. दुपारची भूक मंदावल्याची आईची तक्रार आहे, म्हणून गोळीआधी भरपेट नाश्ता, आणि वजन-उंचीची नोंद दर भेटीला.