बाळ तोंड फिरवतं, म्हणजे त्याला मी नकोशी आहे का?

गरोदरपणात व्यसन असलेल्या बहुतेक आया विचारतात, ‘माझ्यामुळे बाळाचा मेंदू बिघडला का?’ अडीच महिन्यांच्या मुलीला घेऊन आलेल्या या आईने वेगळंच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ‘मॅडम, ही माझ्याकडे बघतच नाही. जवळ गेले की तोंड फिरवते. तिला कळलं असेल का?’

दुखण्यासाठी सुरू केलेल्या ओपिऑइड (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्या तिला सुटत नव्हत्या. दिवस गेल्यावर डॉक्टरांनी तिला ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे ओपिऑइडचं व्यसन आटोक्यात ठेवणाऱ्या औषधावर आणलं. जन्मानंतर आईकडून मिळणारं औषध तुटलं, म्हणून तिसऱ्या दिवशी बाळ थरथरायला लागलं, चिरक्या आवाजात रडायला लागलं, दूध ओढेना. उपचारांनी ते सावरलं. ‘गोळ्या एकदम बंद का नाही केल्यास?’ हे तिने घरी शंभरदा ऐकलं होतं. गरोदरपणात ओपिऑइड असं तडकाफडकी तोडणं धोक्याचं असतं. पुन्हा व्यसनाकडे वळण्याची भीती मोठी असते. तिने केलं ते योग्यच होतं.

आधी डोळे तपासून घ्यायला सांगितलं, कारण अशा बाळांत तिरळेपणा जास्त आढळतो. डोळे ठीक निघाले.

मग दोघींना खेळताना पाहिलं. आई चेहऱ्याजवळ वाकून एकाच वेळी खुळखुळा वाजवत होती, गात होती, मांडी हलवत होती. बाळाने बोटं फाकवली, उचकी दिली आणि मान वळवली. हा राग नव्हे. ‘आता पुरे’ म्हणायची या वयात दुसरी सोय नसते. अपराधीपणा माणसाला घाई करायला लावतो. तिला सगळं आजच भरून काढायचं होतं.

गर्भात अशा पदार्थांशी संपर्क आला की ताण सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढवणारी आणि पुन्हा खाली आणणारी साखळी, वेगळी घडू शकते. पण सगळ्यांत सारखी नाही. काही बाळं लगेच भडकतात आणि लवकर शांत होत नाहीत. काहींचं कॉर्टिसोल अपेक्षेपेक्षा कमी वाढतं. (सतत गप्प राहणाऱ्या बाळाचं आपण ‘किती शहाणं’ म्हणून कौतुक करतो, मी तिथेही जरा थांबून बघते.) घरातली हिंसा, गरिबी, आईचं नैराश्य यांचा वाटाही मोठा असतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत कोकेनच्या संपर्कातल्या बाळांची पिढीच वाया गेली अशी ओरड झाली होती. वर्षानुवर्षांच्या पाहणीत ते भाकीत टिकलं नाही.

तिला सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट. नुसता आवाज, किंवा नुसता हात. मान वळली की थांबायचं, ती परत वळेपर्यंत बोलायचं नाही. उजेड मंद, बाळ उघड्या छातीशी. हे नुसतं लाडाचं काम नाही. २०२३मध्ये अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांतल्या, गर्भात ओपिऑइडशी संपर्क आलेल्या बाळांच्या अभ्यासात, बाळ खातं का, झोपतं का, शांत होतं का एवढं बघून आईच्या सोबतीवर भर दिला, तेव्हा बाळं सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. नेहमीच्या पद्धतीत १४.९ दिवस लागले.

रडणं असह्य झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून चार मिनिटं बाहेर जायचं. हलवायचं कधीच नाही, हेही तिच्याकडून वदवून घेतलं.

आठवड्याभराने तिने सांगितलं, ‘थांबले की परत बघते.’ खरी अडचण निघाली बालरोगतज्ज्ञांची: गोळ्यांचं त्यांना सांगायला ती तयार नव्हती. विकासाच्या तपासण्या वेळेवर व्हायच्या तर त्यांना माहीत हवंच. आणि बाळंतपणानंतर व्यसन उलटण्याचा धोका वाढतो, तेव्हा तिचं स्वतःचं औषधही चालू राहायला हवं. शेवटी तिने चिठ्ठी लिहून दिली, तोंडाने सांगायला जमत नव्हतं म्हणून.