भिंतीपलीकडचा टीममेट

प्रश्न : ताई, मी रोज रात्री व्हॅलोरंट हा टीमने खेळायचा ऑनलाइन शूटिंग गेम खेळते. वर्षभरापासून टीममध्ये एक जण आहे. आम्हाला एकमेकांची फक्त गेममधली नावं माहीत. खेळ संपला तरी आम्ही बोलत बसतो. मोडलेल्या लग्नाबद्दलही त्याने मला सांगितलंय. मला तो आवडायला लागलाय. परवा वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. आवाज आधी छतातून आला आणि लगेच हेडफोनमधून, त्याच्या माइकवरून. मी हेडफोन काढून भिंतीला कान लावला, तर तोच बोलत होता! शेजारी म्हणून आम्ही जिन्यात मान हलवतो, बाकी काही नाही. त्याला यातलं काहीच माहीत नाही. सांगू, की आधी शेजारीण म्हणून ओळख वाढवू?

उत्तर : सांगा, आणि लवकर सांगा. शेजारीण म्हणून ओळख वाढवण्याची वाट दिसायला निरुपद्रवी आहे, पण त्याला काय आवडतं, काय खुपतं हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तुम्ही नेमक्या त्याच विषयावर बोलाल, आणि त्याला वाटेल, किती जुळतंय आपलं! खरं कळेल त्या दिवशी तो प्रत्येक गप्पा नव्याने तपासेल.

मोडलेल्या लग्नाबद्दल तो मोकळं बोलला, कारण ऐकणारी व्यक्ती उद्या जिन्यात भेटणार नाही अशी त्याची खात्री होती. तो आडोसा आता राहिलेला नाही, आणि हे फक्त तुम्हाला माहीत आहे. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

तुमचं आवडणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. संवादशास्त्राचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये मांडलं, की संगणकावरची जवळीक कधीकधी समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही गडद होते. माणूस स्वतःचं काय दाखवायचं ते निवडतो आणि उरलेलं ऐकणारा आपल्या मनाने भरतो. तुम्हीही थोडं भरलं असेल. पण खेळात बरंच काही लपत नाही. टीममधल्या पाचांतले चौघे खेळात मेले की सगळे उरलेल्या एकाचा खेळ बघत असतात. तुम्ही एकट्या उरलात आणि हरलात, तेव्हा तो काय बोलतो? चिडतो, की पुढच्या राउंडचं बोलतो? गोड गप्पांपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

दारावर जाऊन सांगू नका, टीमच्या व्हॉइस चॅटवर तर नकोच. त्याला एकट्याला लिहा : 'ड्रिलच्या आवाजावरून माझ्या लक्षात आलं, आपण शेजारी आहोत. तुला न सांगता बोलत राहणं मला बरं वाटेना. सावकाश उत्तर दे, नाही दिलंस तरी चालेल.' प्रेमाचा उल्लेख यात नको. एका वेळी एवढं पुरे.

आणि मग खरंच थांबा. त्याच्या येण्याजाण्याच्या वेळी जिन्यात उभं राहायचं नाही, टीममधल्या कुणाला सांगायचं नाही. भेटलाच तर पूर्वीसारखी मान हलवा. गेममधला माणूस ब्लॉक करता येतो, शेजार सोडून जाता येत नाही, म्हणून नाही म्हणायची मोकळीक त्याला तुम्हीच द्यायची आहे.

आज रात्री खेळायला बसण्याआधीच हा मेसेज पाठवा. खेळ संपला की तो नेहमीसारखा मन मोकळं करायला लागेल, आणि ते त्याने शेजारणीला सांगायचं ठरवलेलं नाही.