पुढचे दात मिटत नाहीत, म्हणून थेट ऑपरेशन?

दाढा मिटल्या तरी पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांवर येत नाहीत, हा ओपन बाइट. त्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ही एकत्र उत्तरं.

वय २६. पुढच्या दातांनी वडापावचा घास तुटत नाही. जबड्याचं ऑपरेशनच लागेल, असं एका दवाखान्यात सांगितलं. (मुलुंड)
लागेलच असं नाही. हिरडीजवळच्या हाडात भूल देऊन बारीक स्क्रू बसवतात आणि त्यांच्या आधाराने वरच्या दाढा हाडात सरकवतात. दाढा एक मिलिमीटर आत गेल्या, तर खालचा जबडा वर फिरून पुढची फट साधारण दोन-तीन मिलिमीटर मिटते. मात्र जबड्यांच्या ठेवणीतच मोठा दोष असेल, तर ऑपरेशनच योग्य. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढल्याशिवाय कुणी काहीही सांगितलं तरी मानू नका. ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात जागेवर आणणारे दंततज्ज्ञ) आणि जबड्याचे सर्जन, दोघांना दाखवा.

जाहिरातीतले घरपोच अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) चालतील का?
नाही. तोंडात न बघता, एक्स-रे न काढता विकलेला हा माल आहे.

मुलगी ८ वर्षांची, अंगठा चोखते. सासूबाई म्हणतात, सगळे दात बदलले की आपोआप जुळेल. (लालबाग)
सवय सुटली तर या वयात फट बऱ्याचदा आपली आपण कमी होते, तेवढं सासूबाईंचं खरं. पण सवय चालू ठेवून वाट बघणं म्हणजे हातातली सोपी वर्षं घालवणं. आज रात्रीच बघा : झोपेत तोंड उघडं असतं का? घोरते का? पाणी गिळताना जीभ दातांच्या फटीत येते का? नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्या, की मूल तोंडाने श्वास घेतं, जीभ खाली राहते, दाढा जास्त उतरतात आणि फट वाढते. तेव्हा आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अंगठ्याला मिरची लावू नका, चारचौघांत रागावू नका. गरज पडली तर जीभ-अंगठा अडवणारी तार वरच्या पुढच्या दातांमागे बसवता येते. खर्चाची अडचण असेल, तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय गाठा. मे महिन्याच्या सुट्टीची वाट पाहू नका.

चाळिशीत फट नव्यानेच पडली आहे, कानापुढे दुखतं.
ब्रेसेसचा विचार नंतर. याच आठवड्यात जबड्याचा सांधा तपासून घ्या.

ब्रेसेस काढल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा साचा किंवा तार) किती दिवस?
रात्रीचा, वर्षानुवर्षं. जिभेची सवय तशीच राहिली तर फट पुन्हा उघडते, ऑपरेशननंतरसुद्धा. रिटेनर सैल किंवा घट्ट वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.