किल्ली देण्याआधी

बाळ, अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरचा फ्लॅट रिकामा ठेवायला जीव धजत नाही हे कळतं. पण पहिला जो येईल त्याला भाड्याने देऊ नकोस. एक महिन्याचं भाडं बुडालं तर भरून निघतं, चुकीचा माणूस आत बसला तर वर्षं जातात.

आधी जागा कुणाला सोयीची आहे ते बघ. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला रात्री गाडी लावायला जागा आणि गेटची किल्ली लागते. शिकणारी मुलं असतील तर पालकांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. नागाळा पार्क, शाहूपुरीच्या सखल भागात जागा असेल, तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते आधीच सांग. लपवलंस तर पहिल्याच पावसाळ्यात माणूस जाईल.

भाडं पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसतं का, हे तीन महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवरून बघ. आधार आणि नोकरीचं ओळखपत्र मूळच बघ, मोबाईलवरचा फोटो चालवून घेऊ नकोस. सध्याच्या घरमालकाचं मत जपून घे. त्याला भाडेकरू नकोसा झाला असेल तर मालक त्याचं कौतुकच करील. त्याच्या आधीच्या मालकाला फोन लाव आणि विचार: भाडं कितव्या तारखेला यायचं, डिपॉझिटमधून काय कापलं, सोडताना किती दिवस आधी सांगितलं? जात आणि जेवणखाण विचारू नकोस, त्यावरून भाडं वेळेवर येईल का ते कळत नाही.

करारात मात्र काटकसर नको. ११ महिन्यांचा आणि नोटरी केलेला म्हणजे झालं, असं बरेच जण सांगतील. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याच्या कराराला, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. दहा हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांचे तीनशेच्या आतबाहेर होतात, वर महापालिका हद्दीत एक हजार नोंदणी फी. एवढ्यासाठी जोखीम का घ्यायची? पोलिसांना भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात दे.

किल्ली देताना लाईटच्या मीटरचं रीडिंग, गिझर, पंखे आणि भिंतींचे फोटो काढ आणि लगेच त्यालाही व्हॉट्सअॅपवर पाठव.