बेडोयो, म्हणजे जाव्हाच्या राजवाड्यातला पारंपरिक नाच, शिकायला सोलोला (म्हणजे सुराकार्ताला) जातेयस ना, मग हे वाच

अगं पहिली गोष्ट, हातांच्या मुद्रा पाठ करत बसू नकोस, आधी गुडघे वाकवून खाली बसल्यासारखं राहायला शीक, जाव्हात त्याला मेंढक म्हणतात, आणि नजर खाली, कारण सगळा नाच त्याच्यावरच उभाय. पहिले काही आठवडे मांड्या भरून येतील, येऊ दे.

दुसरं म्हणजे अर्थ. बेडोयोत नऊ जणी असतात आणि ड्रेस, मेकअप सगळं सेम, कोण कोण ते ओळखूच येऊ नये असं, कारण नऊ जणी मिळून एकच माणूस असतो. एक बाताक, म्हणजे मन-बुद्धी, एक एंढेल, म्हणजे इच्छा, मग मान, छाती वगैरे. मध्येच बाताक आणि एंढेल बाकीच्यांपासून वेगळ्या होतात, ओढाताण चालते, आणि शेवटी सगळ्या तीन-तीनच्या रांगांत येतात. नऊ म्हणजे देहाची नऊ दारं असाही अर्थ लावतात, आपल्याकडे नवद्वारं म्हणतात तेच की! मला हे कळलं तेव्हा काटाच आला अंगावर.

बेडोयो केतावांग, म्हणजे बेडोयोतला सगळ्यात पवित्र मानलेला नाच, तो मात्र शिकायची घाई करू नकोस. तो सुराकार्ताच्या राजवाड्यात राजाच्या राज्यारोहणाच्या वार्षिक दिवशी होतो, नर्तकी नवरीच्या वेषात असतात, कारण तो दक्षिण समुद्राची राणी रातू किदुल आणि राजा यांच्या मीलनाचा नाच आहे, आणि दहावी नर्तकी म्हणून ती स्वतः येते अशी तिथे श्रद्धा आहे. तालीमसुद्धा 35 दिवसांनी येणाऱ्या मंगळवार-क्लिवोनलाच, म्हणजे मंगळवार आणि जाव्हाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला क्लिवोन हा वार एकत्र येतात त्या दिवशी. त्याबद्दल विचारताना आवाज खाली ठेव.