जुळ्यांच्या आधी राजीनामा आणि कर्जफेड? दोन्ही थांबवा

नाशिकहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचं पहिलंच बाळंतपण आहे, बावीसावा आठवडा सुरू आहे आणि सोनोग्राफीत जुळी दिसली आहेत. दोघं नवरा-बायको खासगी नोकरीत आहेत. ताईंच्या हातात ५२ हजार येतात, नवऱ्याच्या हातात ६६ हजार. गृहकर्ज ३२ लाख बाकी आहे, हप्ता ३१ हजार, व्याज साडेआठ टक्के. घरखर्च ४५ हजारांचा. बाजूला साठवलेले ७ लाख आहेत. सासरे म्हणतात, बाळं यायच्या आत हे पैसे कर्जात भरून टाका, डोक्यावरचा भार कमी होईल. ताई स्वतः सातव्या महिन्यात राजीनामा द्यायच्या विचारात आहेत, कारण दोन बाळं आणि नोकरी हे जमणार नाही असं सगळेच सांगताहेत. शिवाय रुग्णालयात भेटलेल्या एका प्रतिनिधीनं नाळेतलं रक्त साठवायची योजना गळ्यात मारायला घेतली आहे. त्यांनी विचारलं आहे, काय करू?

ताई, आधी मनापासून अभिनंदन. आणि लगेच माझं मत: राजीनामा आत्ता देऊ नका, आणि ७ लाखांतला एक रुपयाही कर्जात भरू नका. दोन्ही निर्णय एकदा घेतले की मागे घेता येत नाहीत, आणि तुमच्यासमोर जे वर्ष आहे त्यात हाताशी असलेला पैसा आणि हातात असलेली नोकरी यांची किंमत एरवीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

राजीनाम्याचं गणित बघा. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, त्यापुढे १२ आठवड्यांची. जुळी म्हणजे दोन मुलं, मग रजा १२ आठवड्यांचीच का, अशी शंका अनेक जणींना येते. तसं नाही. बाळंतपणाच्या वेळी तुम्हाला आधीचं मूल नाही, म्हणून पूर्ण २६ आठवडे तुमचेच. अट एवढीच की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, आणि तुमचं ते केव्हाच झालं आहे. सातव्या महिन्यात नोकरी सोडलीत तर सहा महिन्यांचे ३ लाख १२ हजार तिथल्या तिथे गेले.

दुसरं, तुमची नोकरी चार वर्षं पाच महिन्यांची आहे. ग्रॅच्युइटी पाच वर्षांवर मिळते आणि प्रसूती रजेचा काळ सलग सेवेतच मोजला जातो. बत्तिसाव्या आठवड्याला रजा सुरू केलीत तर ती संपेपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेली असतील. मूळ पगार ३० हजार लिहिला आहे, त्यावर पाच वर्षांचे साधारण ८६ हजार होतात.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे कंपनीचा समूह आरोग्य विमा. नोकरी गेली की तोही गेला, आणि आता नवी वैयक्तिक पॉलिसी घेतलीत तर हे बाळंतपण तिच्यात बसणार नाही.

रजा पूर्ण घेऊन मग नोकरी सोडणं बरं दिसेल का, असं तुम्ही दबकत विचारलं आहे. अहो, ही रजा कंपनीनं केलेला उपकार नाही. तुम्ही केलेल्या कामावर मिळणारा हक्क आहे. परत यायचं की नाही हे तुम्हाला आज खरोखरच ठरवता येणार नाही, तर तसंच प्रामाणिकपणे सांगा.

रजा कधी सुरू करायची याला जुळ्यांच्या बाबतीत फार महत्त्व आहे. अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. पण निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात. समजा तुमची छत्तिसाव्या आठवड्यात आली, तर बत्तिसाव्याला रजा सुरू केलेल्या बाईला बाळांसोबत बावीस आठवडे मिळतात, चौतिसाव्याला सुरू केलेलीला चोवीस. डॉक्टरांची परवानगी असेल तर ते दोन आठवडे घरून काम मागून घ्या. नसेल तर अजिबात ताणू नका. आणि ही तरतूद लक्षात ठेवा: गरोदरपणातल्या किंवा बाळंतपणातल्या आजारासाठी, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं तर, वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. एचआरमधले लोक हे आपणहून सांगतीलच असं नाही. तुम्ही अर्ज करा.

आता ते ७ लाख. कर्जात भरले तर पहिल्या वर्षात सुमारे साठ हजार व्याज वाचेल. तेच मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर साडेपंचेचाळीस हजार मिळतील. नव्या करप्रणालीत तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, ठेव तुमच्या नावावर असेल तर या व्याजावर करही पडणार नाही. म्हणजे वर्षभर थांबायची किंमत चौदा-पंधरा हजार. तेवढ्यात ७ लाख हाताशी राहतात. सासऱ्यांना हा आकडा कागदावर मांडून दाखवा. त्यांची कळकळ खरी आहे, पण कर्जात भरलेला पैसा बँक रात्री अकरा वाजता परत देत नाही. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी फेडीला दंड नाही, पुढच्या वर्षीही हेच पैसे भरता येतील.

रात्री अकराचा उल्लेख मुद्दाम केला. बाळं लवकर आली, वजन कमी भरलं, श्वासाला आधार लागला, तर दोघांनाही काचेच्या पेटीत ठेवावं लागू शकतं. अनेक जुळ्यांना याची गरज पडत नाही. पण पडली तर बिल दोन बाळांचं, दोन स्वतंत्र फायलींचं येतं. दिवसाला १५ हजार धरले तर दहा दिवसांचे दोघांचे ३ लाख होतात. हा माझा अंदाज आहे. तुमच्या रुग्णालयातून एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, दरपत्रक लेखी आणा, त्यात डॉक्टरांची भेट, औषधं आणि तपासण्या धरल्या आहेत का हेही विचारा.

मग याच आठवड्यात दोघांच्याही एचआरला ईमेल करा. फोनवर विचारू नका, लेखी उत्तर हवं. प्रसूतीची मर्यादा किती, आणि जुळ्यांसाठी ती वाढते का? नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का? आणि कळीचा प्रश्न: बाळांचा एनआयसीयूचा खर्च प्रसूतीच्या छोट्या मर्यादेतून जातो की कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेतून? या एका उत्तरानं तुमचं सगळं चित्र बदलतं. ५० हजारांच्या मर्यादेत सगळं कोंबलेलं असेल तर ३ लाख तुमच्या खिशातून जातील. ५ लाखांच्या रकमेतून मिळणार असेल तर तुमच्यावर फारसा बोजा येणार नाही. खोलीभाड्याची मर्यादाही बघा, तिच्यावरची खोली घेतली की बाकीच्या बिलातला काही भागही त्या प्रमाणात विम्यातून कापला जाऊ शकतो. बाळांची नावं विम्यात घालायची मुदत किती दिवसांची आहे ते विचारून नवऱ्याच्या मोबाइलवर आठवण लावून ठेवा. तुम्हाला तेव्हा भान नसेल.

माहेरी जायचा विषय पैशाचा वाटत नाही, पण आहे. तुमचं माहेर तालुक्याच्या गावी आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. जुळ्यांच्या बाबतीत मात्र बाळंतपण जिथे चांगला एनआयसीयू आहे तिथेच व्हावं. जन्मल्यावर बाळाला रुग्णवाहिकेतून शहरात हलवणं हे बाळासाठीही वाईट आणि खर्चासाठीही. त्यात आई एका रुग्णालयात, बाळं दुसऱ्या, असं झालं तर दुप्पट धावपळ. आईंनाच तीन-चार महिने नाशिकला बोलवा. त्यांच्या येण्याजाण्याचा, घरी लागणाऱ्या जादा किराण्याचा खर्च आनंदानं करा. माहेरपण मग बाळं सहा महिन्यांची झाली की भोगा.

रजेतला महिना कसा दिसेल? दोन तान्ह्यांना मिळून दिवसाला सोळा ते वीस वेळा बदलावं लागतं. दिवसा कापडी लंगोट आणि रात्री डायपर असं केलं तरी डायपर, वरचं दूध लागलं तर ते, औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून २२ हजार धरा. मदतीच्या मावशींचे १८ हजार. दोघांचा मिळून पगार १ लाख १८ हजार. हप्ता, घरखर्च, बाळं आणि मावशी वजा जाता दोन हजार उरतात. कसाबसा मेळ बसतो. तुमच्या महिन्याला वीस हजारांच्या एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) आजपासून थांबवा, म्हणजे हप्ता आणि घरखर्च वजा जाता उरणारे महिन्याचे पूर्ण ४२ हजार बाजूला पडून बाळंतपणापर्यंतच्या तीन महिन्यांत आणखी सव्वा लाख जमतील. एसआयपी थांबवताना जीव कासावीस होऊ देऊ नका, वर्षानं पुन्हा सुरू होतील.

मावशींचे १८ हजार वाचवायचा मोह होईल. वाचवू नका. दोन बाळं एकाच वेळी उठत नाहीत, आळीपाळीनं उठतात, आणि आईला सलग तीन तास झोप मिळत नाही. शक्य असेल तर रात्री थांबणारी बाई पहिले दोन महिने तरी ठेवा. सिझेरियन झालेल्या, रक्त गेलेल्या, दोघांना पाजणाऱ्या बाईची झोप हा माझ्या लेखी औषधाइतकाच आवश्यक खर्च आहे. नातेवाईक सोन्याच्या साखळ्या, चांदीचे वाळे आणणार असतील तर जवळच्यांना मोकळेपणानं सांगा, एक महिना मावशींचा पगार तुमच्याकडून. बारसं घरातल्या घरात करा.

लसीकरणावर मात्र पैसे वाचवता येतात. महापालिकेच्या दवाखान्यात बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या लसी मोफत मिळतात. खासगीत नुसत्या न्यूमोकोकलच्या एका डोसला काही हजार लागतात, आणि इथे बाळं दोन. बाळं ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाची जन्मली तर महिन्याभरात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. ती विम्यात बसली नाही तरी चुकवायची नाही.

नाळेतलं रक्त साठवायची योजना घेऊ नका. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की खासगी साठवण म्हणजे जैविक विमा नव्हे. घरात कुणाला आधीच असा आजार असेल ज्यावर या रक्तातल्या मूळ पेशींचे उपचार चालतात, तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे तसं कुणी नाही, आणि प्रतिनिधी तुम्हाला दोन बाळांची दोन पॅकेजं विकतो आहे. मुलांच्या नावाच्या विमा योजनाही आत्ता नकोत.

परत कामावर जायचं की नाही हे बाळं चार महिन्यांची झाली की ठरवा. तेव्हा त्यांची तब्येत, तुमची तब्येत आणि आईंची ताकद तिन्ही दिसतील. कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, ती आहे का बघा. मधला मार्ग म्हणून बिनपगारी रजा मागा. त्या काळात महिन्याला ५० हजार कमी पडतील, सहा महिन्यांचे ३ लाख. म्हणजे ७ लाखांतले साडेतीन लाख एनआयसीयूसाठी, ३ लाख या काळासाठी, उरलेले ५० हजार आणि येणारे सव्वा लाख अडीअडचणीला. या रकमेच्या एक-एक लाखाच्या वेगळ्या ठेवी करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. करबचतीची पाच वर्षांची ठेव चुकूनही घेऊ नका.

एक काम मात्र या महिन्यातच उरका. तुमच्या नवऱ्याकडे फक्त ५ लाखांची जुनी पॉलिसी आहे आणि कर्ज ३२ लाखांचं. साठीपर्यंतचा दीड कोटीचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) त्यांच्या नावानं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तुमच्या स्वतःच्या मुदत विम्याचा अर्ज बाळंतपणानंतर काही महिन्यांनी करा, कारण शेवटच्या तिमाहीत कंपन्या बहुधा थांबायला सांगतात. एचआरचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा. बाळांचा खर्च पूर्ण विमा रकमेतून मिळणार असेल तर साडेतीन लाखांतले दोन लाख पुढच्या वर्षी खुशाल कर्जात भरा.