कुळागर विकू देऊ नकोस

प्रिय बाय,

पुण्याला प्रवेश मिळाला आणि तू दोन घास नीट जेवत नाहीस, असं तुझी आई सांगत होती. तुझ्या फीसाठी बाबा सावईवेऱ्याचं कुळागर, म्हणजे पिढ्यांची ती सुपारीची बाग, विकायला निघालेत. नको म्हटलं तर ते दुखावतील, हो म्हटलं तर तुला कायम सलत राहील. यात एवढं अडण्यासारखं काय आहे? कर्ज तुझ्या नावावर काढ. कुळागर राहू दे.

कर्जाला बाबांची सही लागेल, ते सहकर्जदार होतील, हे मला ठाऊक आहे. सगळी हयात बँकेत गेली माझी. तरी हप्ता तुझ्या पगारातून जाईल, हे घरात आधीच ठरलं पाहिजे. आईबापांनी काय द्यायचं? शिकत असेपर्यंतचं व्याज. सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला तारण लागत नाही, आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. मधल्या काळात व्याज मात्र चढत असतं. दहा टक्के धरलं तर पूर्ण साडेसात लाखांवर महिन्याला ६,२५० रुपये. रक्कम सत्रागणिक मिळते, म्हणजे सुरुवातीला याहून बरंच कमी. तुझा खर्च साडेनऊ लाखांचा. वरचे दोन लाख बाबांनी दोन वर्षांत घालावेत. सुपारी, मिरी, केळी, जायफळ यांवर हे निभतं. पण कुळागरच गेलं तर ते व्याज कशातून भरणार? हे कोणी बोलतच नाही, आणि मला राग येतो तो याचाच.

माझ्या बाबांनी मला मुंबईला शिकवायला भाट, म्हणजे आमची बागायत, विकलं. पदवी मिळाली, नोकरी लागली. पैसे साठवून ते परत घ्यायला गेलो तेव्हा भाव माझ्या आवाक्याबाहेर गेला होता. ज्या माणसाने जन्मभर स्वतःच्या झाडाची सुपारी खाल्ली, तो म्हातारपणी फोंड्याच्या बाजारात ती तोलून घेत असे. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून माझ्या मुलीच्या वेळी मी हटून बसलो. 'बँकेतला बाप आणि पोरीच्या डोक्यावर कर्ज?' असं नातेवाईक तोंडावर म्हणाले. म्हणू देत. शिकेपर्यंत व्याज मी भरलं, पुढचं तिने फेडलं. आयकराच्या जुन्या करप्रणालीत शिक्षणकर्जावर भरलेलं व्याज आठ वर्षांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतं, ती सवलतही तिने घेतली. आज तिला माझ्यासमोर मान खाली घालावी लागत नाही आणि मला तिच्याकडे हात पसरावा लागत नाही. पुन्हा वेळ आली तर हेच करीन.

आणखी एक. आपल्या गोव्याच्या कायद्यात नवराबायकोची मिळकत बहुधा समाईक असते. आईच्या संमतीशिवाय विक्री होत नाही. तिला कोणी विचारलंय का? शिवाय मुलांसाठी अर्धा वाटा राखीव असतो, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाचाही त्यावर उद्याचा हक्क आहे. तुझ्या दोन वर्षांसाठी चौघांची जमीन जाऊ देऊ नकोस.

बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळात जा. गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठी त्यांची व्याजमुक्त कर्जाची योजना आहे. निकष तिथेच नीट विचारून घे. त्यात बसलीस तर बाबांवरचा व्याजाचाही भार जाईल.

बाबांशी मी बोलणार नाही. तूच बोल, आणि बोलताना आकडे कागदावर लिहून समोर ठेव. रडू नकोस, तू रडलीस की ते आणखी हट्टाने विकायला निघतील. रविवारी सकाळी आईला घेऊन माझ्याकडे ये. प्रवेशाचं पत्र, फीचा सत्रवार तपशील, गुणपत्रिका आणि बाबांचा उत्पन्नाचा दाखला आण. अर्ज आपण इथेच बसून भरू.

तुझा
काका